झाकरीत गुंफलेलं नाव

पोर्ट लुईच्या उत्तरेला पितों गावी मराठी मंडळाच्या हॉलात एक काळ असा होता, की मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कुणी नुसतं खोकलं तरी शेजारचा त्याला कोपराने ढोसायचा. टेबलावर रेडिओ, रेडिओखाली भरतकाम केलेलं फडकं, आणि भोवती कारखान्यातून, उसातून, शाळेतून आलेली तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली. ‘बातो झेत्वाल’ लागायचं. बातो म्हणजे होडी, झेत्वाल म्हणजे तारे. ताऱ्यांमधून भटकणाऱ्या होडीची, बेटावरच्या क्रेओल बोलीतली ही मालिका चौऱ्याहत्तर साली रेडिओवर सुरू झाली आणि दोन वर्षांत तिने बेटाला वेड लावलं. पितोंएवढं वेड मात्र कुठल्याच गावाला लागलं नाही, आणि पितोंत चंद्रमोहनएवढं कुणाला नाही.

चंद्रमोहन साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून. अक्षर नीटस, बोलणं मवाळ, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की घशाला कोरड. ‘बातो झेत्वाल’चा क्लब त्यानेच काढला. बायको राजलक्ष्मी म्हणाली, “मंडळाचा हॉल गणपतीला आणि मराठीच्या वर्गाला असतो, तुमच्या होडीला नव्हे.” पण चहा तीच करून पाठवायची. क्लबाची पत्रिका निघायची, तिचा स्टेन्सिल चंद्रमोहन टाइपरायटरवर कापायचा आणि मंडळाच्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरवून शंभर प्रती काढायचा. सुरुवातीला काय मजा होती सांगू. ताऱ्यांवर ऊस कोण कापतो, यावर एका म्हाताऱ्या बाबाने तासभर वाद घातला होता. होडीत वजनच लागत नाही तर वरण ताटात कसं राहील, यावर बायका हसून हसून बेजार झाल्या होत्या. माणसं दिवसभराचा शीण विसरायची. चंद्रमोहनला वाटायचं, आयुष्यात आपण एवढं एक काम चांगलं केलं.

क्लबाचा अध्यक्ष नंदलाल. कारखान्यात मेकॅनिक, खांदे रुंद, आवाज त्याहून मोठा. त्याच्या बापाला कारखान्यातच अपघात होऊन तो गेला, त्याच आठवड्यात होडीचा कप्तान रोमेन रेडिओवर एका पोरक्या खलाशाला म्हणाला होता, “रडून घे, मग सुकाणू धर.” नंदलाल हॉलात सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. तेव्हापासून कप्तान रोमेनबद्दल वावगा शब्द निघाला की त्याचं डोकं फिरायचं. ते त्याचं प्रेम खरं होतं, खोटं कशाला बोला. पण खरं प्रेम असलं म्हणून माणूस चांगलाच वागतो असं थोडंच आहे.

आता एक गोष्ट फक्त चंद्रमोहनला ठाऊक होती. होडीला वाट दाखवणारी मिरेल, जिच्या आवाजावर निम्मं बेट जीव टाकायचं, ती चंद्रमोहनची आतेबहीण होती. कामिनी. सूयाकला राहणाऱ्या कुंतीआत्याची एकुलती एक पोर. लहानपणी ही पोरगी बस-कंडक्टरपासून पाद्रीपर्यंत सगळ्यांची नक्कल करायची. रेडिओवर आवाज हवेत अशी जाहिरात आली तेव्हा चंद्रमोहननेच अर्ज लिहिला आणि चाचणीलाही तोच घेऊन गेला. कामिनी एकोणीस वर्षांची होती. कुंतीआत्याने एकच अट घातली. “नाव बाहेर पडता कामा नये. बापाविना पोर, रेडिओवर परक्या पुरुषांशी बोलते म्हटल्यावर लोक काय काय बोलतील. उद्या तिचं लग्न व्हायचंय.” रेडिओवाले नटांची नावं सांगतच नसत, त्यामुळे अट सोपी होती. चंद्रमोहनने आत्याच्या पायाला हात लावून शब्द दिला.

चार वर्षं त्याने तो पाळला. हॉलात लोक मिरेलच्या आवाजाची तारीफ करायचे आणि हा गालात हसायचा. कामिनी सुट्टीत पितोंला आली की माजघरात राजलक्ष्मीला मिरेलच्या आवाजात विचारायची, “वहिनी, उत्तरेच्या ताऱ्याकडून वळू की मोदक संपवून वळू?” घर हसून दणाणायचं. त्या दिवसांत ती पोर कशी खुलली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत घोळ झाला.

गणपतीत पितोंला झाकरी होते. आपल्या आजे-पणज्यांनी कोकणातून येताना बोटीत दुसरं काही आणलं नसेल, पण झाकरी आणली. पायात घुंगरू बांधून पुरुष गोल धरतात, मध्ये मृदंग आणि झांज, आणि एका गावाची पार्टी गाण्यातून सवाल टाकते, दुसरीने तिथल्या तिथे जवाब जोडायचा. तिचा एक नेम आहे. शेवटच्या कडव्यात नाव गुंफायचं असतं. ज्याच्या मानाचं गाणं, त्याचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव. बेनावी झाकरी म्हणजे चोरीची झाकरी, ती कुणीही उचलावी. पितोंच्या पार्टीत मृदंगावर चंद्रमोहन बसायचा आणि कडवीही तोच जोडायचा. त्या वर्षी त्याने ‘बातो झेत्वाल’वर झाकरी बांधली. लोक खूष. पण समोरच्या पार्टीचा गडी मोठा फटकळ. त्याने सवाल टाकला: परक्यांची होडी, परक्यांचे तारे, यात तुमचं मराठी माणूस कोण रे? का उगाच दुसऱ्याच्या लग्नात नाचता?

सगळा गोल चंद्रमोहनकडे बघायला लागला. नंदलाल कानाशी म्हणाला, “मो फ्रेर, माझ्या भावा, आज गप्प बसलास तर गावाचं नाक कापलं जाईल.” मृदंग चालू, झांज चालू, उत्तराला चार फेऱ्यांचा वेळ. तिसऱ्या फेरीला चंद्रमोहनच्या तोंडातून निघून गेलं:

“ताऱ्यांमधून होडी चालली, कोण तिला गं वल्हवी?
सूयाक गावची कुंतीची कामिनी, वाट तिला दाखवी.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि हॉलात असा गलका उडाला की समोरच्या पार्टीला सवाल सुचेना. मिरेल आपली आहे. मिरेल मराठी आहे. नंदलालने चंद्रमोहनला खांद्यावर उचलून घेतलं. चंद्रमोहनच्या छातीत आनंदही मावत नव्हता आणि भीतीही. घरी आल्यावर राजलक्ष्मी एवढंच म्हणाली, “आत्याबाईंना शब्द दिला होता ना तुम्ही?”

पहिलं वर्ष वाईट गेलं नाही, हेच वाईट झालं. सूयाकला फुलं गेली, पत्रं गेली, लहान मुलांनी काढलेल्या होडीची चित्रं गेली. कुंतीआत्या महिनाभर चंद्रमोहनशी बोलली नाही, मग पाघळली. कामिनी म्हणाली, “जाऊ दे ना दादा. लोक प्रेमच करतायत.” पांपलमूसच्या एका शाळामास्तराकडून तिला मागणी आली, ती तर या नावामुळेच. एकोणऐंशीच्या जूनमध्ये सुपारी फुटली, नोव्हेंबरात लग्न ठरलं. चंद्रमोहनने मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं.

जुलैत कप्तान रोमेनला आवाज देणारा नट बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तेव्हा निम्मं बेट निघूनच चाललं होतं, त्यात नवल नाही. लिहिणाऱ्यांनी मग कप्तानाला एका भागात मारलं आणि सुकाणू मिरेलच्या हाती दिलं. मंगळवारी साडेसातला भाग संपला तेव्हा हॉलात कुणी जागचं हललं नाही. नंदलाल उठला, रेडिओ बंद केला आणि म्हणाला, “रोमेन मेला नाही. त्याला मारलाय.”

चंद्रमोहनला तो भाग आवडला होता. कामिनीचा आवाज सुरुवातीला थरथरला आणि मग ठाम झाला, ते ऐकून त्याच्या अंगावर काटा आला होता. पण त्याने ते सांगितलं नाही. ताऱ्यांवर ऊस कोण कापतो विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाबाने सांगितलं. “पोरगी चांगली बोलली की,” एवढंच तो म्हणाला. पुढच्या मंगळवारी नंदलालने त्याला दारातूनच परत पाठवलं. क्लबात आता खरे आणि खोटे असे दोन प्रकार झाले होते. जो कप्तानासाठी रडला तो खरा. दारात उभं करून लोकांची परीक्षा घ्यायचे: तिसऱ्या साली होडी कुठल्या ग्रहावर अडकली, कप्तानाच्या आईचं नाव काय. हसणं संपलं. बायका यायच्या बंद झाल्या. ज्या गोष्टीची चंद्रमोहन आठवडाभर वाट बघायचा, तिचीच त्याला शिसारी यायला लागली. तरी तो जायचा. सचिव होता ना.

पहिलं निषेधाचं पत्र रेडिओला गेलं. ते चंद्रमोहननेच टाइप केलं, शब्द जरा सौम्य करून. उत्तर आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, रेडिओला कशाला लिहायचं, सूयाक ठाऊक आहे, आईचं नाव ठाऊक आहे. आणि कामिनीच्या दारात पत्रं पडायला लागली. त्यांत काय काय होतं ते इथे सांगत नाही. ज्या पोरांना मराठीत धड ‘बसा’ म्हणता येत नव्हतं, त्यांनी शिव्या मात्र चार भाषांतल्या गोळा केल्या होत्या.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी नंदलाल चौघांना घेऊन हॉलात आला. हातात कापून तयार स्टेन्सिल. “यंत्राला तुझाच हात लागतो बाबा,” तो चंद्रमोहनला म्हणाला, “आमच्याने शाई फासली जाते. शंभर काढ.”

चंद्रमोहनने स्टेन्सिल चढवला, शाई घातली, हँडल फिरवलं. पहिली प्रत बाहेर आली ती नीट उठलीय का बघायला त्याने हातात घेतली. सूयाकच्या कुंतीची कामिनी रेडिओतल्या कप्तानाबरोबर राहत होती, असं तिथे लिहिलं होतं. तिच्यापायीच तो बायकोला घेऊन देश सोडून पळाला, आता त्याची जागा तिने बळकावली. खाली सही नव्हती. चंद्रमोहनने दोनदा वाचलं.

“उठलीय ना नीट?” नंदलाल म्हणाला.

त्या वेळी नुसतं हँडल सोडायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. चौघे उभे होते म्हणून काय त्यांनी मारलं असतं? नसतं मारलं. फार तर म्हणाले असते, तू खोटा. चंद्रमोहनच्या जिभेवर आलं होतं, ही माझी बहीण आहे रे. पण ते तर सगळ्यांना ठाऊकच होतं, आणि तरी त्याच्याच हातात त्यांनी ते दिलं होतं. त्याने मान हलवली. मग हँडल फिरवलं. शंभर प्रती निघेपर्यंत फिरवलं, आणि शेवटी सवयीने गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करून दिल्या.

त्यातली एक पांपलमूसच्या शाळामास्तराच्या घरी गेली, एक त्याच्या हेडमास्तरांकडे. पंधरा दिवसांत लग्न मोडलं. मास्तराची आई कुंतीआत्याला म्हणाली, “आमचा विश्वास नाही हो, पण लोक विचारतात.” या वाक्याने आत्याने अंथरूण धरलं.

लोकांचं तरी भागलं का? सप्टेंबरात गणपती आले. चंद्रमोहनचंच कडवं नंदलालने उलटं केलं, चालही तीच ठेवली:

“ताऱ्यांमधली होडी बुडाली, कोणी ती गं बुडविली?
सूयाक गावची कुंतीची कामिनी, कप्तान गिळून बसली.”

मृदंगावर चंद्रमोहन होता. दुसरा मृदंगवाला नव्हता, हे खरं आहे. मृदंगावाचून झाकरी होत नाही, हेही खरं आहे. तो मान खाली घालून वाजवत राहिला. नाव गुंफलेलं असल्यामुळे ती बेवारशी नव्हती, रीतसर होती, म्हणून दुसऱ्या गावांनीही ती मान देऊन उचलली. महिन्याभरात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पोरं ती म्हणत होती.

ऑक्टोबरात एका मंगळवारी कामिनी मायक्रोफोनसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. भाग तिथल्या तिथे जात असे, आधी भरून ठेवायची पद्धत नव्हती. बेटभर लोकांनी बराच वेळ नुसती खरखर ऐकली, मग कुणीतरी घाईने संगीत लावलं. पुढच्या मंगळवारी ‘बातो झेत्वाल’ लागलं नाही, त्यानंतर कधीच लागलं नाही. हॉलात नंदलाल म्हणाला, “बघा. शेवटी तिने होडीच मारली.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला ते मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

ऐंशीच्या गणपतीआधी आठ दिवस कामिनी एकटीच बसने पितोंला आली. वाळली होती. बोलताना घशाशी हात नेई. चंद्रमोहनच्या ओट्यावर बसून तिने पिशवीतून एक कागद काढला. सायक्लोस्टाइलची प्रत.

“हे तुमच्या यंत्रावरचं आहे ना, दादा?”

“हो.”

“तू काढलंस?”

चंद्रमोहन ओट्यावरची धूळ हाताने झाडायला लागला. तिने कागदाची घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली.

“मी भांडायला नाही आले,” ती म्हणाली. “आई जायला टेकलीय. तिला एकच लागून राहिलंय, पोरीचं नाव गाण्यात अडकलं. नाव तू घातलंस. या गणपतीत गोलात उभा राहा आणि सांग, हे नाव मी न विचारता घातलं होतं, ते मी काढून घेतो. ज्याने गुंफलं त्यालाच काढता येतं ना? एवढं सांग. बाकी मी बघते.”

“सांगतो,” चंद्रमोहन म्हणाला. “गणपतीची शपथ.”

तेव्हा त्याला खरंच वाटत होतं आपण सांगू. आठ दिवस तो आरशासमोर वाक्य म्हणून बघत होता. आणि गणपतीच्या दिवशी दुपारी त्याला ताप आला. राजलक्ष्मीने कपाळाला हात लावला, हात काढला आणि स्वयंपाकघरात गेली. कपाळ थंड होतं. त्या संध्याकाळी कुठल्यातरी पोराने मृदंग जेमतेम वाजवला आणि झाकरी झाली ती झालीच. दिवाळीच्या आत कुंतीआत्या गेली.

चंद्रमोहनने क्लब सोडला. भांडून नव्हे, कामाचा ताण सांगून. मृदंग माळ्यावर टाकला. पुढे क्लबही आपोआप मिटला, लोकांकडे टीव्ही आले, पोरांना दुसरी वेडं लागली. चंद्रमोहनला वाटलं, विसरतील. सगळं विसरतात. कामिनीला सूयाकजवळच्या कपड्यांच्या फॅक्टरीत काम मिळालं. स्वेटरांना बाह्या जोडायच्या, दिवसभर यंत्रांचा गोंगाट, कुणाशी बोलायची गरज नाही. पुन्हा तिला कुणी मागणी घातली नाही. पितोंला ती आली नाही, आणि चंद्रमोहनही सूयाकला गेला नाही. गेला असता तर काय, दार थोडंच लावणार होती ती. पण तोंड दाखवायला तोंड हवं ना.

सत्त्याऐंशी साली चंद्रमोहनची मुलगी हिरा नऊ वर्षांची झाली. मंडळात मराठीचा वर्ग, त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींची झाकरी बसवायची ठरली. शिकवायला नंदलाल, पोक्त झाला होता, पोरींवर माया करायचा. तो घरी आला आणि म्हणाला, “जुनं सोड, चंद्रमोहन. मुली आहेत. तुझ्याइतका मृदंग कुणाचा चालतो?” हिरा दोन्ही हात जोडून बापाकडे बघत होती. चंद्रमोहनने माळ्यावरून मृदंग काढला.

कुठली झाकरी, हे त्याने विचारलं नाही. पहिल्याच तालमीला कळलं. पोरींनी गोल धरला, घुंगरू वाजले, आणि ‘ताऱ्यांमधली होडी बुडाली’ सुरू झालं. नंदलाल सहज म्हणाला, “लोकांना हीच तोंडपाठ आहे. आता कुणाला ठाऊक आहे कोण ती आणि कोण कप्तान? नुसतं गाणं उरलंय.” आणि चंद्रमोहनला, देवा शपथ, ते पटलं. पहिल्या दिवशी बोटं अडखळली. चौथ्या दिवशी अडखळेनाशी झाली. महिन्याभरात त्याला शब्द ऐकूच येईनासे झाले, नुसता ताल ऐकू यायचा.

राजलक्ष्मी तालमीला कधी गेली नव्हती. तिने आपलं सूयाकला पत्र धाडलं: वन्सं, सात वर्षं झाली, हिराने तुम्हाला धड पाहिलेलंही नाही, या गणपतीला दुपारच्या जेवणाला तरी या. चंद्रमोहनला वाटलं, येणार नाही. ती आली.

केसांत पांढरं दिसत होतं. हिरासाठी तिने स्वतः विणलेला निळा स्वेटर आणला होता. जेवताना ती फारसं बोलली नाही, पण मोदक दुसऱ्यांदा घेतला, आणि राजलक्ष्मीच्या कुठल्याशा बोलण्यावर किंचित हसलीही. चंद्रमोहनच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, झालं, मिटलं, देवाने मिटवलं.

“सूयाकच्या आत्या, माझी झाकरी बघता?” हिरा म्हणाली. “आज संध्याकाळी आहे. तुम्ही बस पकडणार ना, मग आत्ताच करून दाखवते.”

“हिरा, आत्या दमल्यात,” चंद्रमोहन घाईने म्हणाला.

“करू दे ना,” कामिनी म्हणाली.

हिराने स्वेटर अंगावर तसाच ठेवून घुंगरू बांधले आणि माजघरात गिरकी घेत सुरू केलं. ताऱ्यांमधली होडी बुडाली, कोणी ती गं बुडविली. राजलक्ष्मीच्या हातातलं भांडं निसटलं. हिरा थांबली नाही. शिकवलंच होतं, काही झालं तरी थांबायचं नाही. शेवटच्या ओळीला तिने, नंदलालने दाखवलं होतं तसं, गाल फुगवून गिळल्याचा अभिनय केला आणि कौतुकासाठी आत्याकडे पाहिलं.

“छान,” कामिनी म्हणाली. आवाज खोल गेला होता. “घुंगरू कुणी बांधायला शिकवले?”

“नंदलालकाकांनी. आणि मृदंगावर बाबा असतात.” मग तिने सहज विचारलं, “ही कामिनी कोण होती, आत्या? काकांना विचारलं तर ते म्हणतात, कुणी नाही, गाण्यातली आहे.”

नऊ वर्षांच्या पोरीला घरात सगळे ‘सूयाकच्या आत्या’ एवढंच सांगत आले होते. नाव कधी कुणी घेतलंच नव्हतं.

कामिनीने चंद्रमोहनकडे पाहिलं. रागाने नव्हे. ती वाट बघत होती. तिची नजर त्याच्यावरून हलेना. सांग ना, तो स्वतःला म्हणत होता, आत्ता सांग, माजघरात चारच माणसं आहेत.

“जुनी गोष्ट आहे, हिरा,” तो म्हणाला. “होती रेडिओवरची कुणी बाई.”

“हो का,” कामिनी म्हणाली. तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली. “येते, वहिनी. पोर्ट लुईची बस चुकली की सूयाकची मिळत नाही.” दारात ती चंद्रमोहनपाशी थांबली. “मृदंग नीट वाजव. पोरीचा ताल चुकायला नको.”

राजलक्ष्मी तिच्यामागे बसपर्यंत गेली. चंद्रमोहन गेला नाही.

संध्याकाळी हॉल भरला. मूर्ती नदीवर न्यायच्या आधी झाकरी. आठ मुलींनी गोल धरला, हिरा सगळ्यांत पुढे, अंगात निळा स्वेटर. तिने तो काढायला नकार दिला होता. चंद्रमोहनने मृदंगावर थाप टाकली. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत ‘कुंतीची’ म्हणताच त्याला बऱ्याच दिवसांनी शब्द ऐकू आला, आणि हात थांबला. मुली दोन पावलं पुढे गेल्या, एकमेकींवर आदळल्या, थांबल्या.

“काय झालं?” नंदलाल म्हणाला.

चंद्रमोहन उभा राहिला. मृदंग मांडीवरून घरंगळला. त्याने सगळं सांगितलं. आत्याला दिलेला शब्द, ते कडवं, स्टेन्सिल, शंभर प्रती, खोटा ताप. “ते नाव मी घातलं होतं. न विचारता. ते मी काढून घेतो. कामिनीने काही केलं नव्हतं.” सात वर्षं पाठ असलेलं वाक्य होतं, एकदाही अडखळलं नाही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. निम्म्यांना तो कशाबद्दल बोलतोय तेच कळेना. मागून एक बाई म्हणाली, “मूर्ती उचलायची वेळ झालीय हो.” नंदलालची मान क्षणभर खाली गेली, मग तो हळू म्हणाला, “घरी बोललो असतो की. मुलींचा कशाला पचका केलास?” कुणीतरी दुसरं गाणं सुरू केलं, झांजा वाजल्या आणि गर्दी मूर्तीमागे बाहेर पडली.

बापलेक रिकाम्या रस्त्याने घरी निघाली. हिराने घुंगरू हातात धरले होते, वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट आवळून. ती रडली होती, पण आता रडत नव्हती. चंद्रमोहनला मात्र कितीतरी वर्षांनी हलकं वाटत होतं. त्याला वाटत होतं, उशीर झाला, पण केलं आपण.

घराजवळच्या वळणावर हिरा थांबली.

“बाबा, त्याच कामिनी ना? आपल्या आत्या?”

“हो, बाळ.”

“मग दुपारी त्या समोर बसल्या होत्या, तेव्हा का नाही सांगितलंत?”

चंद्रमोहनने तिचा हात धरायला हात पुढे केला. त्या हाताच्या मुठीत घुंगरू होते, हिराने ते दुसऱ्या हातात घेतले नाहीत. ती पुढे चालायला लागली, आणि तो तिच्या मागून चालत घरी आला.